विश्लेषण : मर्डॉ खटल्यात खून सगळ्यांनी पाहिला, फसवणूक कोणी पाहिली?

अमेरिकेतील साउथ कॅरोलायना राज्यात वॉल्टरबरो नावाचे छोटे गाव आहे. तिथल्या न्यायालयात २ मार्च २०२३ रोजी संध्याकाळी ज्युरीने तीन तासांच्या आत निकाल दिला : वकील अ‍ॅलेक्स मर्डॉ हा पत्नी आणि मुलाच्या खुनाबद्दल दोषी. भारतात तेव्हा ३ मार्चची पहाट होती. आमच्या डिजिटल डेस्कवर सकाळच्या पाळीत ही बातमी आली, तिला मोठा मथळा मिळाला, फोटो मिळाले, घटनाक्रमाची चौकट मिळाली. जवळपास नऊ महिन्यांनी, नोव्हेंबर २०२३ मध्ये, याच माणसाला आपल्या अशिलांचे पैसे लुबाडल्याबद्दल २७ वर्षांची शिक्षा झाली. ती बातमी आम्ही चार ओळींत संपवली. या प्रकरणाकडे सगळ्या जगाने कसे पाहिले, त्याचे हे लहानसे उदाहरण. प्रश्न असा, की या दोन बातम्यांपैकी आपल्या उपयोगाची कोणती होती?

प्रकरण नेमके काय?

मर्डॉ घराणे म्हणजे त्या भागातली सत्ता. पणजोबा, आजोबा आणि वडील अशा तीन पिढ्यांनी १९२० ते २००६ या काळात पाच परगण्यांच्या मुख्य सरकारी वकिलाचे पद सांभाळले. कोणावर खटला भरायचा आणि कोणावर नाही, हे त्याच घरात ठरे. शिवाय घराण्याची खासगी वकिली जोरात चालायची. अपघातग्रस्तांच्या वतीने भरपाईचे दावे लढवणारी त्यांची फर्म राज्यभर नावाजलेली होती.

फेब्रुवारी २०१९ मध्ये एका बोट अपघातात १९ वर्षांची तरुणी मृत्युमुखी पडली. दारूच्या नशेत बोट चालवल्याचा आरोप अ‍ॅलेक्सचा धाकटा मुलगा पॉल याच्यावर ठेवण्यात आला. मुलीच्या कुटुंबाने दिवाणी दावा लावला आणि अ‍ॅलेक्सच्या आर्थिक कागदपत्रांची मागणी केली. या मागणीवर १० जून २०२१ रोजी सुनावणी होणार होती. त्याआधी तीन दिवस, ७ जूनच्या रात्री, मोझेल या त्यांच्या शिकारीच्या इस्टेटीवर कुत्र्यांच्या खुराड्यांजवळ पत्नी मॅगी (५२) आणि पॉल (२२) यांचे मृतदेह सापडले. दोघांवर दोन वेगवेगळ्या बंदुकांतून गोळ्या झाडलेल्या होत्या. त्या बंदुका कधीच मिळाल्या नाहीत.

सप्टेंबरमध्ये फर्मने पैशांच्या अफरातफरीवरून अ‍ॅलेक्सचा राजीनामा घेतला. दुसऱ्याच दिवशी रस्त्याकडेला आपल्यावर गोळीबार झाल्याची तक्रार त्याने केली. नंतर मात्र, थोरल्या मुलाला विम्याचे १ कोटी डॉलर मिळावेत म्हणून तो बनाव आपणच रचल्याचे त्याने कबूल केले.

लोक या खटल्याकडे इतके का ओढले गेले?

खटला जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाला आणि सहा आठवडे चालला. तो थेट प्रक्षेपित होत होता. आत बसायला मिळावे म्हणून लोक उजाडण्यापूर्वी रांग लावत. बाहेर खाद्यपदार्थांच्या गाड्या उभ्या राहिल्या. खटला ऐन भरात असतानाच, २२ फेब्रुवारीला, नेटफ्लिक्सने या घराण्यावरची माहितीपट मालिका आणली. पॉडकास्ट तर २०२१ पासूनच सुरू होते. निकालानंतर त्याच महिन्यात मोझेलमधल्या सामानसुमानाचा शेजारच्या जॉर्जिया राज्यात लिलाव झाला, आणि खून झालेल्या घरातल्या वस्तू विकत घ्यायलाही लोकांनी गर्दी केली.

या गर्दीला नुसती हौस म्हणून झटकून टाकता येणार नाही. शंभर वर्षे ज्या घराण्याने इतरांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले, त्यातला माणूस आज तिथे बसलेला पाहणे, यात स्थानिकांसाठी मोठा अर्थ होता. या न्यायालयाच्या भिंतीवर अ‍ॅलेक्सच्या आजोबांचे तैलचित्र होते. न्यायाधीश क्लिफ्टन न्यूमन यांनी खटल्यापुरते ते उतरवायला लावले. ‘अशा लोकांना कधी काही होत नाही’ हे वाक्य आपल्याकडेही चहाच्या टपरीवर रोज ऐकू येते. ते एकदा तरी खोटे ठरावे, ही इच्छा या उत्सुकतेच्या मुळाशी होती.

निर्णायक पुरावा कोणता ठरला?

पॉलच्या फोनमधला एक छोटा व्हिडीओ. मित्राच्या कुत्र्याच्या शेपटीला काय झाले आहे, हे दाखवण्यासाठी त्याने तो रात्री ८ वाजून ४४ मिनिटांनी खुराड्यांजवळ काढला होता. त्यात मागे अ‍ॅलेक्सचा आवाज आहे. काही मिनिटांतच पॉल आणि मॅगी या दोघांचेही फोन कायमचे शांत झाले. आपण त्या वेळी तिथे नव्हतोच, असे अ‍ॅलेक्स पोलिसांना वीस महिने सांगत आला होता. साक्षीदारांमागून साक्षीदारांनी तो आवाज ओळखला, तेव्हा तो स्वतः साक्षीला उभा राहिला आणि आपण खोटे बोललो हे त्याने मान्य केले. खून मात्र नाकारला.

इथे एक तांत्रिक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. फोनमधली वेळेची नोंद ‘कोण, कुठे, केव्हा’ एवढे सांगते. ‘कोणी गोळी झाडली’ हे ती सांगत नाही. अ‍ॅलेक्स तिथे होता आणि त्याबद्दल खोटे बोलला, इतके त्या व्हिडीओने पक्के केले. त्यापुढचे अंतर ज्युरीने इतर पुराव्यांच्या आधारे कापले.

मग खुनाच्या खटल्यात पैशांचा विषय कसा आला?

लोकांच्या प्रतिक्रिया सर्वात जास्त इथेच फाटल्या. खुनाच्या दिवशीच फर्मच्या वित्त अधिकाऱ्याने अ‍ॅलेक्सला ७ लाख ९२ हजार डॉलर फीचा हिशेब विचारला होता. तीन दिवसांवर ती सुनावणी होती. चोऱ्या उघड होणार हे दिसल्यावर सहानुभूती मिळवून वेळ काढण्यासाठी त्याने खून केले, असे सरकारी पक्षाचे म्हणणे होते. बचाव पक्षाने हरकत घेतली, पण न्यायाधीशांनी हेतू दाखवण्यासाठी आर्थिक पुरावा मांडू दिला.

एका बाजूचे लोक म्हणाले, ‘अपंगांचे पैसे खाणारा माणूस काहीही करू शकतो.’ दुसरी बाजू म्हणाली, ‘चोर असेल, पण म्हणून बायको-मुलाला कोण मारतो?’ ऐकायला दोन्ही पटतात, आणि दोन्ही चूक आहेत. आरोपी वाईट माणूस आहे म्हणून त्याने हा गुन्हा केला असणार, असा निष्कर्ष कायद्याला मान्य नाही. हेतू दाखवण्यासाठी मात्र जुन्या कृत्यांचा पुरावा देता येतो. आपल्या साक्ष्य कायद्यातही ढोबळमानाने हीच रेषा आहे : हेतू प्रस्तुत, वाईट चारित्र्य एरवी अप्रस्तुत. रेषा बारीक आहे. ती सांभाळायला न्यायाधीशांनाही कसरत करावी लागते. घरबसल्या निकाल देणाऱ्यांना तर ती दिसतही नाही.

फसवणूक चालत होती तरी कशी?

याची चर्चा सर्वात कमी झाली, आणि हाच भाग समजून घेण्यासारखा आहे. अमेरिकेत अपघाताच्या भरपाईची मोठी रक्कम टप्प्याटप्प्याने देण्याची व्यवस्था करणाऱ्या कंपन्या असतात. ‘फोर्ज’ या नावाची अशीच एक खरी कंपनी आहे. अ‍ॅलेक्सने बँकेत ‘फोर्ज’ याच नावाने स्वतःचे खाते उघडले. अशिलाच्या रकमेचा धनादेश ‘फोर्ज’च्या नावे निघे. फर्मला वाटे, रक्कम त्या कंपनीकडे गेली. प्रत्यक्षात ती वकिलाच्या खिशात जाई. यासाठी कोणतेही कुशल तंत्रज्ञान लागले नाही. लागला तो फक्त विश्वास.

बळी कोण होते? अपघातानंतर मानेखालचे शरीर लुळे पडलेला एक कर्णबधिर तरुण. आई आणि भाऊ अपघातात गमावलेल्या दोन लहान बहिणी. आणि मर्डॉंच्याच घरी अनेक वर्षे काम करणारी एक बाई. २०१८ मध्ये मोझेलच्या पायऱ्यांवरून पडल्यानंतर तिचा मृत्यू झाला. ‘माझ्यावरच दावा लावा, विम्याचे पैसे तुम्हाला मिळतील,’ असे अ‍ॅलेक्सने तिच्या मुलांना सांगितले आणि स्वतःच्या मित्राला त्यांचा वकील म्हणून दिले. विम्याचे ४० लाख डॉलरहून अधिक आले. मुलांना त्यातले काहीच कळवले नाही, दिलेही नाही. त्या वकील मित्राला आणि इतर व्यवहारांत साथ देणाऱ्या एका बँकरलाही पुढे शिक्षा झाली.

राज्याच्या २७ वर्षांनंतर १ एप्रिल २०२४ रोजी संघीय न्यायालयाने अ‍ॅलेक्सला आणखी ४० वर्षांची शिक्षा सुनावली आणि सुमारे ८८ लाख डॉलर भरपाईचा आदेश दिला. हे सगळे गुन्हे त्याने स्वतः कबूल केलेले आहेत. ज्या गोष्टीबद्दल शंका उरलेली नाही, तिच्याबद्दल लोक सर्वात कमी बोलले.

प्रसिद्धीचा परिणाम खटल्यावर झाला का?

खटला संपल्यावर काही महिन्यांतच न्यायालयाच्या निवडून आलेल्या क्लर्क रिबेका हिल यांचे खटल्यावरचे पुस्तक आले. ज्युरीची व्यवस्था पाहणे हे त्यांचे काम. ज्युरी सदस्यांशी बोलताना त्यांनी आरोपीविरुद्ध मते सुचवली, असा आरोप बचाव पक्षाने केला. जानेवारी २०२४ मध्ये निवृत्त सरन्यायाधीश जीन टोल यांनी ज्युरींची चौकशी केली. एका सदस्याने आपल्यावर परिणाम झाल्याचे सांगितले, इतरांनी नाकारले. हिल यांना प्रसिद्धीची भुरळ पडली, हे न्यायमूर्तींनी मान्य केले, पण फेरखटला नाकारला. ऑगस्ट २०२४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने अपील थेट स्वतःकडे घेतले. हिल यांनी पदाचा राजीनामा दिला होता. डिसेंबर २०२५ मध्ये त्यांनी खोटी साक्ष आणि पदाचा गैरवापर यांसह काही गुन्हे कबूल केले.

म्हणजे बाहेरची गर्दी बाहेरच थांबली नाही. खटला हा जणू कार्यक्रम, ही भावना न्यायालयाच्या कर्मचाऱ्यापर्यंत पोहोचली. ज्यांना दोषीला शिक्षा व्हावी असे सर्वात जास्त वाटत होते, त्यांच्याच उत्साहाने निकालावर प्रश्नचिन्ह लागले.

आपल्याकडे चित्र वेगळे आहे का?

फारसे नाही. ऑगस्ट २०१५ मध्ये शीना बोरा हत्या प्रकरणात इंद्राणी मुखर्जी यांना मुंबईत अटक झाली, तेव्हा कोण कोणाचे कोण, याचे तक्ते वाहिन्यांवर तासन्‌तास फिरत होते. इंद्राणी यांनी आरोप नाकारले आहेत आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना जामीन दिला. अटक म्हणजे दोष सिद्ध होणे नव्हे, हे इथे विसरता कामा नये. मे २०१७ मध्ये आयएनएक्स मीडिया कंपनीतील परकीय गुंतवणुकीबद्दल सीबीआयने वेगळा गुन्हा नोंदवला. नात्यांचा तक्ता तोंडपाठ असलेल्या किती जणांना तो आर्थिक व्यवहार सांगता येईल? फेब्रुवारी २०२४ मध्ये इंद्राणी यांच्यावरील मालिका मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी आधी पाहिली, त्यात खटल्याला बाधक काही आढळले नाही, मगच ती प्रदर्शित झाली. आपल्याकडे ज्युरी नाही, एवढाच काय तो आधार. या दोन प्रकरणांची तथ्ये अगदी निराळी आहेत. सारखे आहे ते आपले पाहणे.

मग यातून घ्यायचे काय?

खून दुर्मीळ असतात, म्हणून ते गोष्टीसारखे वाटतात. अपघाताची भरपाई ही मात्र महाराष्ट्रातल्या कोणत्याही घरावर येऊ शकणारी वेळ आहे. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाच्या पायऱ्या चढणाऱ्यांत बहुतेक जण पहिल्यांदाच न्यायालय पाहत असतात. कमावता माणूस गेलेला असतो, कागद इंग्रजीत असतात, आणि ‘वकीलसाहेब बघतील’ यावर सगळे सोडलेले असते. बहुतेक वकील ते नीट बघतातही. पण व्यवस्था माणसाच्या चांगुलपणावर उभी करायची नसते. म्हणूनच अज्ञान वारस किंवा निरक्षर दावेदार यांची रक्कम मुदत ठेवीत ठेवण्याचे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने १९९० च्या दशकातच दिले. मार्च २०२५ मध्ये भरपाई थेट दावेदाराच्या बँक खात्यात जमा करण्यावर न्यायालयाने भर दिला. पैसा मधल्या हातांतून जितका कमी जाईल, तितकी ‘फोर्ज’सारख्या खात्याला जागा कमी.

अशी वेळ आलीच तर चार गोष्टी मागून घ्याव्यात : निवाड्याची प्रत, मंजूर रकमेचा आकडा, फीचा लेखी हिशेब आणि पैसे कोणत्या खात्यात गेले त्याची पावती. हे विचारणे म्हणजे अविश्वास दाखवणे नाही. साउथ कॅरोलायनातल्या त्या बाईच्या मुलांनी घरच्यासारख्या साहेबांवर विश्वास टाकला होता, आणि विम्याचे पैसे आले आहेत हे त्यांना बातम्यांतून कळले.

अ‍ॅलेक्स मर्डॉच्या अपिलाचे काहीही होवो, त्या बातमीला पुन्हा मोठा मथळा मिळेल. २७ वर्षांच्या त्या दुसऱ्या शिक्षेची गोष्ट मात्र चार ओळींपेक्षा मोठी होती. ती तेव्हाच सांगायला हवी होती.