उदगीरची लढाई फळीवर मांडताना

३ फेब्रुवारी १७६० रोजी सदाशिवरावभाऊंनी निजामाचा जो पराभव केला, त्यास आपण उदगीरची लढाई म्हणतो. ती छोट्या मूर्तींच्या साहाय्याने लाकडी फळीवर मांडण्याचा उद्योग गेले काही महिने जळकोटात माझ्या घरी चालू आहे. या उद्योगातून माझे एक मत बनले, तेच आज मांडतो. आपल्याकडच्या युद्धदृश्यांत आवेश पुष्कळ असतो, लढाई फार थोडी असते.

पहिली चूक मीच केली. आधी थर्मोकोलचा उदगीरचा किल्ला उभारला आणि त्याच्या पायथ्याशी फौजा भिडवल्या. नावात उदगीर आहे, मग किल्ला हवाच! प्रत्यक्षात सलाबतजंग व निजामअली यांची फौज उदगीरहून पश्चिमेकडे निघाली होती. तोफांच्या आश्रयाने ती हळूहळू सरकत होती, मराठी घोडदळ तिच्याभोवती घिरट्या घालत रसद तोडत होते, आणि निर्णायक घाव बसला तो औशाच्या बाजूला. उदगीर ते औसा हे सरळ रेषेत सुमारे ६५ किलोमीटर अंतर. माझे प्रमाण १:७२ आहे, म्हणजे माणूस सव्वादोन-अडीच सेंटीमीटरांचा. त्या मानाने केवळ हे अंतर दाखवायला ९०० मीटर लांब फळी लागेल. किल्ला काढून टाकला. आठवडाभराची मेहनत होती, जिवावर आले.

काय ठेवायचे आणि काय वगळायचे, हाच या कामातला खरा इतिहास. इंग्लंडात विल्यम सिबॉर्न या लष्करी अधिकाऱ्याने वॉटर्लूच्या लढाईची प्रचंड प्रतिकृती केली. १८३८ साली ती लोकांपुढे आली आणि आज ती लंडनच्या लष्करी संग्रहालयात आहे. तीत सुमारे ७५,००० आकृत्या आहेत. रणांगणावर तळ ठोकून, अधिकाऱ्यांना पत्रे पाठवून त्याने माहिती गोळा केली होती. तरी प्रशियन सैन्य ठळक दिसते म्हणून वेलिंग्टनची नाराजी ओढवली, आणि अखेरीस हजारो प्रशियन आकृत्या त्याला उचलाव्या लागल्या. विजयाचे श्रेय कोणाचे, हा वाद बोटाएवढ्याही नसलेल्या शिपायांवरून झाला.

आपल्याला असे कोणी अडवत नाही. आपण स्वतःच चुकतो. बाजारातली हिरवीगार कृत्रिम हिरवळ युरोपच्या कुरणांसाठी बनलेली असते. फेब्रुवारीत आपल्या भागात काळी, भेगाळलेली जमीन, कापणीला आलेली ज्वारी आणि फुललेली करडई. मी शेतातली माती चाळून फेविकॉलमध्ये कालवली. याहून अस्सल रंग दुकानात मिळायचा नाही. गुलमोहर, गाजरगवत, सोयाबीन यांपैकी काहीही १७६० साली इथे नव्हते. बाभूळ, लिंब, पळस मात्र खुशाल लावा.

मूर्तींचे तसेच. मराठ्यांच्या मूर्ती सहजासहजी मिळत नाहीत, म्हणून युरोपीय स्वारांना एम-सीलच्या पगड्या चढवाव्या लागतात. त्यांचे दांडगे घोडे दख्खनच्या लहानखुऱ्या तट्टांपुढे विशोभित दिसतात, पण तेवढी तडजोड मी केली. बैलांच्या बाबतीत मात्र करणार नाही. जड तोफा बैलांच्या अनेक जोड्या ओढत. धान्य वंजाऱ्यांच्या तांड्यांतल्या बैलांच्या पाठीवरून येई. माझ्या फळीवर आज घोड्यांपेक्षा बैल अधिक आहेत. पाहायला येणारी मुले थोडी हिरमुसतात. ‘लढाई कुठे आहे, काका?’ असे विचारतात. मी त्यांना निजामाच्या फौजेच्या मागच्या बाजूचे रिकामे बैल दाखवतो. रसद तुटलेली फौज अशी दिसते.

आता मला सर्वांत टोचलेली गोष्ट. एका शाळेच्या प्रदर्शनात मी याच लढाईचा देखावा पाहिला. भगवे झेंडे एकीकडे, हिरवे दुसरीकडे, आणि इब्राहिमखान गारदी हिरव्या झेंड्याखाली. नाव वाचून मुलांनी त्याची जागा ठरवली होती. वास्तविक तो आधी निजामाच्या पदरी असला, तरी या मोहिमेत भाऊंच्या बाजूने लढत होता. त्याच्या कवायती पायदळाचा आणि तोफांचा प्रभाव भाऊंनी येथे पाहिला, त्यावर भिस्त ठेवली, आणि अकरा महिन्यांनी, १४ जानेवारी १७६१ रोजी, तोच इब्राहिमखान पानिपतावर त्यांच्यासाठी लढला. जखमी अवस्थेत पकडला गेला आणि मारला गेला. उलट निजामाच्या चाकरीतही मराठे सरदार होते. रंगांची अशी वाटणी एकदा केली की या लढाईतून मिळालेला सुमारे ६० लक्षांचा मुलूखही समजत नाही आणि त्यानंतरचे पानिपतही समजत नाही.

माझ्या फळीवर दोन्हीकडच्या स्वारांचे कपडे सरमिसळ आहेत. कोण कोणाचा, हे ओळखायला थोडा वेळ लागतो, लागू द्यावा. इब्राहिमखानाची मूर्ती अजून रंगवायची आहे. तोफेशेजारी, भाऊंच्या बाजूला, तिची जागा खडूने आखून ठेवली आहे.