एका कापसाचे दोन कामगार

मुंबईत कॉटन ग्रीनच्या गोदामांत कापसाच्या गासड्या वाहणारा माथाडी आणि त्याच कापसाचे सूत काढणारा परळ-लालबागचा गिरणी कामगार. दोघेही कोकणातून वा घाटावरून आलेले. गिरणीतल्या कायम कामगाराला हजेरीपट होता, महागाई भत्ता होता, भविष्यनिर्वाह निधी होता. बदली कामगाराला मात्र रोज फाटकावर ताटकळावे लागे. माथाडीला तर ठरलेला मालकच नव्हता. आज या पेढीचा माल, उद्या त्या पेढीचा. मजुरी मुकादमामार्फत, दुखणेखुपणे स्वतःच्या खर्चाने. माथाडींचे नेते अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून १९६९चा माथाडी कायदा आला. मालकाने मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही माथाडी मंडळाकडे भरायची, मंडळाने पगार, रजा, बोनस, निधी सांभाळायचा. कायद्याची खरी करामत ही, की मालक बदलला तरी हक्क सुटत नाहीत.

१८ जानेवारी १९८२ला सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले आणि हजारोंची ‘कायम’ नोकरी बुडाली. गिरण्यांच्या जमिनींवर मनोरे चढले. कामगारांच्या वारसांना घरासाठी म्हाडाच्या सोडतीची वाट पाहावी लागली. माथाडीची स्थिती तुलनेने बरी, पण नोंदणी झालेल्यांचीच. मंडळाबाहेरचा हमाल अजून मुकादमाच्याच मर्जीवर आहे.