नाकाचा रोलबॅक

गेल्या वर्षी आठवडाभर लंडनला मावसबहिणीकडे होतो. तिच्याकडे 'बिस्किट' आहे. म्हणजे कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियल जातीचा कुत्रा. लांब कान, टपोरे डोळे आणि कमालीचा लोचट. मी तसा कुत्र्यांपासून चार हात लांब राहणारा, पण दुसऱ्याच दिवशी माझ्या मांडीवरून लॅपटॉप हटला आणि तिथे हे महाराज आले.

ताई त्याला सकाळ-संध्याकाळ चीजच्या तुकड्यात लपवून एक गोळी देते. हृदयाची. वय वर्षं फक्त सहा! विचारलं तर म्हणाली, "अरे, या जातीत असतंच ते." 'असतंच ते' हे उत्तर मी ऑफिसातही ऐकतो आणि तिथेही मला ते पटत नाही. मग काय, खोदकाम सुरू.

इंग्लंडात मांडीवरचे स्पॅनियल जुनेच. 1570 साली जॉन केयस या डॉक्टरने कुत्र्यांवर लॅटिनमध्ये पुस्तक लिहिलं, त्यात असं इवलं कुत्रं पोटाशी धरलं की पोटदुखीला आराम पडतो असं म्हटलंय. (आपली गरम पाण्याची पिशवी!) पुढे दुसऱ्या चार्ल्स राजाला यांचं इतकं वेड, की राजा काम सोडून कुत्र्याशी खेळत बसतो अशी तक्रार सॅम्युएल पीप्सने 1667 मध्ये डायरीत लिहून ठेवली. त्या काळच्या चित्रांत या कुत्र्यांना चांगलं लांब नाक दिसतं.

एकोणिसाव्या शतकात चपट्या नाकाची फॅशन आली. पगसारख्या कुत्र्यांशी संकर झाला असं मानतात. नाक आत गेलं, डोकं घुमटासारखं झालं. मग रॉसवेल एल्ड्रिज नावाचा अमेरिकन गृहस्थ चित्रातला कुत्रा शोधत इंग्लंडात आला. तो कुठे मिळेना, तेव्हा पठ्ठ्याने 1926 च्या क्रफ्ट्स प्रदर्शनात बक्षीसच लावलं. चार्ल्सच्या काळासारखा कुत्रा आणा, 25 पौंड घ्या! आमच्या भाषेत, जुन्या व्हर्जनवर रोलबॅक. 1928 मध्ये क्लब निघाला. 'ॲन्स सन' नावाचा कुत्रा टेबलावर उभा केला, जुनी चित्रं समोर ठेवली आणि जातीचं वर्णन लिहिलं. केनेल क्लबची स्वतंत्र मान्यता 1945 ची.

आता गंमत बघा. चित्रावरून स्पेसिफिकेशन लिहिलं की नाक येतं, कान येतात. हृदय चित्रात दिसत नाही. सुरुवातीचे कुत्रे मोजके, त्यांच्यातच पुन्हा पुन्हा पैदास, आणि नोंदवही बंद. परिणाम असा, की पाचव्या वर्षापर्यंत साधारण निम्म्या कॅव्हेलियरांच्या हृदयात झडपेची कुरकुर ऐकू येते आणि दहाव्यापर्यंत जवळजवळ सगळ्यांच्या. शिवाय अनेकांची कवटी मेंदूला अपुरी पडते, त्यातून मणक्यात पाण्याच्या पोकळ्या होतात आणि बिचारं कुत्रं हवेतच मान खाजवत राहतं. 2008 मध्ये बीबीसीने यावर माहितीपट दाखवला, तेव्हा बराच गदारोळ झाला. 2023 मध्ये तर नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयाने या जातीची पैदास प्राणीकल्याण कायद्याविरुद्ध ठरवली.

कुत्रेप्रेमी मंडळी चिडली. मला विचाराल तर निकाल योग्यच आहे. हृदय तपासून पैदास करू म्हणतात, जरूर करा. पण निम्मी जात बाद केली तर उरलेला डबा आणखी लहान होतो, त्याचं काय? बाहेरचं रक्त आणायला हवं. त्यावर उत्तर येतं, "मग जात शुद्ध कशी राहील?" अहो, नाक चपटं करायचं होतं तेव्हा पग चालला की! फॅशनसाठी संकर चालतो आणि हृदयासाठी बाटतो, हे कुठलं सोवळं? आणि ही शुद्धता तरी केवढी जुनी, तर 1945 ची. माझे वडील तिच्यापेक्षा मोठे आहेत.

ताईला हे सगळं सांगितलं नाही. निघायच्या आदल्या रात्री बिस्किट सोफ्यावर झोपला होता आणि ती घड्याळाकडे बघत ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत होती. डॉक्टरांनी सांगितलंय, झोपेत मिनिटाला तिसाच्या वर श्वास गेले की फोन करायचा.

"बावीस," ती म्हणाली आणि दिवा मालवला.