दाणा राखणाऱ्या लहरी

ज्वारी खळ्यावरून घरी आली म्हणजे वर्षाची बेगमी झाली, असे आपण म्हणतो. परंतु मुलांनो, धान्य पिकविणे हे अर्धेच काम होय. ते राखणे हे उरलेले अर्धे. पावसाळी दमट हवा सुटली की कणगीत सोंडकिडा वाढू लागतो. त्याची मादी दाण्याला बारीक भोक पाडते, आत अंडे घालते आणि भोक बुजवून टाकते. अळी आतल्या आत दाणा पोखरते. वरून टपोरा दिसणारा दाणा चुरला की हाती नुसता भुगा येतो.

पूर्वजांनी धान्याला कडक ऊन दिले, त्यात कडुनिंबाचा पाला घातला. पुढे विषारी वायू सोडणाऱ्या गोळ्या आल्या. त्यांनी कीड मरते खरी. पण बंद घरात तो वायू माणसांचाही प्राण घेतो. शिवाय १९७२-७३ सालच्या जागतिक पाहणीत या वायूला दाद न देणारे किडे आढळले. शत्रू निर्ढावतो आणि धोका मात्र आपल्या घरात राहतो. हा सौदा शहाणपणाचा नव्हे.

शास्त्रज्ञांनी एक निराळा मार्ग शोधला आहे. परभणी आकाशवाणीचे कार्यक्रम ज्या रेडिओलहरींवरून आपल्या घरी येतात, त्याच जातीच्या, पण एकवटलेल्या प्रबळ लहरींनी कीड मारता येते. धातूच्या दोन पत्र्यांमध्ये धान्य ठेवून सेकंदाला २ कोटी ७१ लक्ष २० हजार आवर्तने घेणारे विद्युत्क्षेत्र निर्माण करितात. त्यामुळे ओलाव्याचे कण हेलकावे खाऊन तापतात. वाळलेल्या दाण्यात पाणी शेकडा १० ते १२ भाग असते, तर किड्याच्या शरीरात सुमारे निम्मे. म्हणून दाण्यापेक्षा किडा लवकर तापतो. धान्याची उष्णता ५० ते ६० अंश सेल्सिअस झाली की काही मिनिटांत आतली अळीसुद्धा मरते. मागे विष राहत नाही.

तथापि हे यंत्र महाग आहे व त्याला वीज लागते. उष्णता अधिक झाल्यास बियाण्याची उगवणशक्ती जाते. पोते उघडे राहिले तर नवी कीड पुन्हा शिरते. म्हणून असे यंत्र घरोघरी नव्हे, तर बाजार समितीच्या किंवा सहकारी संस्थेच्या गुदामात, सर्वांच्या मालकीचे असावे, असे माझे मत आहे. हे अशक्य नाही. भाभा अणुसंशोधन केंद्राने २००२ साली लासलगावी कांद्यासाठी गॅमा किरणांचे केंद्र उभारले. किरण निराळे, पण विज्ञान बाजारपेठेच्या दाराशी नेण्याची वाट तीच.

यंत्र येईल तेव्हा येवो. तोवर धान्य दाताखाली कट्ट वाजेल इतके वाळविणे आणि कोरड्या, झाकलेल्या कणगीत ठेवणे आपल्या हाती आहे. १९७२ साली स्थापन झालेल्या परभणीच्या कृषी विद्यापीठाने ज्वारीच्या एका वाणाला ‘परभणी मोती’ असे नाव दिले आहे. मोती पिकविणाऱ्यांनी मोती राखावयासही शिकले पाहिजे.