छज्ज्याला काय झालं?

बांधकाम खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झालो, पण इमारतीसमोर उभं राहिलं की आधी मान वर करायची खोड काही गेली नाही. दिल्लीला राष्ट्रपती भवन बघायला गेलो तेव्हाही तेच. बरोबरची मंडळी ३४० खोल्यांचा आकडा ऐकून थक्क झाली होती आणि मी छज्जा बघत होतो. मे महिन्याचं रणरणतं ऊन, भिंतीवर छज्ज्याची काळीभोर सावली आणि त्या सावलीत खिडक्या निवांत.

या भवनाचा वास्तुविशारद एडविन ल्युटेन्स. त्याला आपल्या वास्तुकलेबद्दल फारसा आदर नव्हता. नव्या राजधानीत हिंदुस्थानी वळण दिसलं पाहिजे, हा आग्रह व्हाइसरॉय हार्डिंजचा. ल्युटेन्ससाहेबानं नाक मुरडलं, पण छज्जा घेतला, जाळ्या घेतल्या, छत्र्या घेतल्या, घुमटाला सांचीच्या स्तूपासारखा कठडा दिला. छज्जा तर नुसता शोभेचा नाही. उन्हाळ्यात तो खिडकीवरचं ऊन अडवतो, पावसाळ्यात भिंत कोरडी ठेवतो.

चुकाही झाल्या. रायसीना टेकडीवर चढणाऱ्या रस्त्याचा उतार असा धरला गेला की खालून जवळ येऊ लागलं की भवनच दिसेनासं होतं. नकाशावर सही ल्युटेन्सचीच, भांडण मात्र त्यानं शेजारच्या सचिवालयांचा वास्तुविशारद हर्बर्ट बेकरशी मांडलं आणि ते वर्षानुवर्षं चाललं. चार वर्षांचं म्हणून सुरू केलेलं काम सतरा वर्षांपर्यंत लांबलं. मध्ये महायुद्धही आलं म्हणा. आमच्या खात्याला नावं ठेवणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं!

आता तिथली नावं बदलताहेत. २०२३ मध्ये मुघल गार्डन अमृत उद्यान झालं, २०२४ मध्ये दरबार हॉल गणतंत्र मंडप झाला. माझी हरकत नाही. व्हाइसरॉयसाठी बांधलेल्या घरात आपल्या जळगावच्या प्रतिभाताई पाटील राहून आल्या, तेव्हा घर कुणाचं हा प्रश्न केव्हाच मिटला. पण साहेबानं आपल्याकडून जे उचललं, ते आपणच टाकून दिलं त्याचं काय?

नोकरीच्या शेवटच्या काळात एका जिल्ह्याच्या ठिकाणी पश्चिमेकडे तोंड केलेलं काचेचं सरकारी कार्यालय उभं राहिलं. छज्जा सुचवला, तर उत्तर आलं, ‘लूक जातो.’ पुढे तिथे दुपारी तीननंतर कारकून टेबलं भिंतीकडे सरकवायचे. काचांना आतून जुनी वर्तमानपत्रं चिकटवलेली आणि एसी चालू असूनही घामाच्या धारा. अशा इमारती आता तालुक्यालाही दिसतात. विजेचं बिल अर्थात तुमच्याआमच्या करातून.

म्हणून नकाशांवर सह्या करणाऱ्यांना हात जोडून एवढंच सांगणं आहे: पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या खिडक्यांवर छज्जा नसेल, तर तो नकाशा मंजूर करू नका, परत पाठवा.