करड्या भिंती आणि दुपारचे दोन

गेल्या सात-आठ वर्षांत नाशिकमध्ये ज्या ज्या नव्या घरांच्या वास्तुशांतीला गेलो, त्यांतल्या बहुतेक दिवाणखान्यांच्या भिंती करड्या होत्या. गंगापूर रोड असो, इंदिरानगर असो वा पाथर्डी फाटा. सत्यनारायणाचा प्रसाद हातात घेऊन मान वर करावी, तर समोर तोच राखेचा रंग. आमच्या लहानपणी भिंतीला चुना लागे आणि चुन्यात चिमूटभर नीळ. पुढे डिस्टेंपर आले आणि त्याच्याबरोबर पिस्ता, आकाशी, गुलाबी हे रंग आले. मग काही वर्षे घरोघरी मोतिया झाला. आता करड्याची पाळी आहे.

बँकेत असताना गृहकर्जाच्या निमित्ताने मी लोकांची घरे पाहत असे. कर्जाच्या कागदांत घराचे क्षेत्रफळ असते, किंमत असते, चतुःसीमा असतात. या घरात दिवसभर बसणार कोण, हा रकाना मात्र कुठल्याच अर्जात नसतो. घराचा रंग निवडतानाही हा रकाना कोराच राहतो, आणि माझ्या मते करड्या भिंतींबद्दलची सगळी कुरकुर तिथून सुरू होते.

रंग निवडते ती घरातली कमावती मंडळी. ती सकाळी नऊला बाहेर पडतात आणि रात्री आठला परततात. दिवसभर कचेरीत डोळे शिणलेले असतात, रस्त्यावर फलकांच्या भडक रंगांचा मारा सोसलेला असतो. घरात पाऊल टाकल्यावर समोर काही न बोलणारी भिंत असावी, असे त्यांना वाटले तर त्यात गैर काय? पण त्याच खोलीत सकाळी सहापासून संध्याकाळपर्यंत आजी-आजोबा असतात, शाळेतून आलेली नातवंडे असतात. त्यांना दिसणारी भिंत वेगळी असते.

आमच्याही घरी हा वाद झाला. सूनबाई म्हणाली, "बाबा, करडा म्हणजे उदास नव्हे, शांत." त्यावर सौ. म्हणाली, "रात्री आठला येऊन बघणाऱ्याला शांत वाटतं गं. एकदा दुपारी दोनला बसून बघ." दोघींचेही खरे होते. भिंत एकच, पण दोघी ती निरनिराळ्या उजेडात पाहत होत्या.

करड्या रंगाला नावे ठेवण्याची आमच्या पिढीला फार घाई असते. "हे काय, सिमेंट उघडं ठेवल्यासारखं!" हे वाक्य मी किमान दहा घरांत ऐकले आहे. पण नाशिककराने तरी असे म्हणू नये. आपले जुने गाव करड्याकाळ्या दगडाचेच आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्ह्याचा हा बेसाल्ट. पांडवलेणी त्याच्यातच कोरली, गोदावरीचे घाट त्याचेच बांधले. सरदार रंगराव ओढेकरांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस उभारलेले काळारामाचे मंदिर त्याच काळ्या दगडाचे, आणि सराफ बाजाराजवळचा पेशवेकालीन सरकारवाडाही दगड आणि लाकूड यांचाच. या वास्तूंत उभे राहिल्यावर कुणाला उदास वाटत नाही. दगडाच्या जोडीला तिथे तेल पिऊन तांबूस झालेले लाकूड असते, पितळी समई असते, दिव्याची पिवळी ज्योत असते. दगड गार असतो, पण एकटा नसतो.

याचा सर्वांत मोठा दाखला म्हणजे अजिंठा. डोंगराच्या पोटातल्या त्या करड्या, अंधाऱ्या दालनांत चित्रकारांनी कोणते रंग वापरले? निळ्या रंगासाठी अफगाणिस्तानातून आलेला मौल्यवान लाजवर्द त्यांच्यापाशी होता, हिरवी माती होती, काजळी होती. पण पाहणाऱ्याच्या मनात राहतात ते गेरूचे लाल, पिवळ्या मातीचे पिवळे आणि त्यांच्यामधले सगळे तपकिरी. हे रंग आगीसारखे भडक नाहीत. ते मातीचे आहेत आणि म्हणूनच दगडाशी त्यांचे जमते. करड्या भिंतीला ऊब द्यायची तर पहिला धडा इथेच मिळतो. दुकानातल्या चकचकीत नारिंगीपेक्षा विटकरी, गेरू, मोहरी, डाळिंबी, तांब्याचा रंग, मधाचा रंग हे तिच्याजवळ जास्त शोभतात.

मात्र सगळे करडे सारखे नसतात, ही गोष्ट दुकानातल्या कार्डावर कळत नाही. कोऱ्या पांढऱ्या कागदाचा एक ताव भिंतीला लावा आणि दिवसाच्या उजेडात पाहा. कागदाशेजारी भिंत निळसर दिसेल, हिरवट दिसेल किंवा किंचित मातकट दिसेल. तिच्या पोटातला खरा रंग तो. मातकट करडा मुळातच उबदार असतो. त्याच्याशेजारी मोहरीचा वा हळदीचा पिवळा खुलतो. हिरवटाजवळ लाल आणला की हिरवटपणा वाढतो. तिथे मध, बदामी, सागवानी बरे. निळसर करड्याच्या बाबतीत तर फारच जपावे लागते.

का जपावे लागते, याची एक जुनी हकिकत आहे. पॅरिसमध्ये गोबेलँ नावाची राजाश्रयाची विणकामशाळा होती. तिथल्या रंगाई विभागाचे प्रमुख होते रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेव्रल. त्यांच्याकडे तक्रार आली, की निळ्या-जांभळ्या कापडाच्या चित्रात सावलीसाठी विणलेला काळा धागा फिका दिसतो. शेव्रलनी धागा तपासला, तर रंगात काहीच खोट नव्हती. खोट होती ती शेजाराची. दोन रंग शेजारी आले की डोळा त्यांच्यातला फरक वाढवून पाहतो, हा नियम त्यांनी १८३९ साली ग्रंथरूपाने मांडला. करडा रंग तर या बाबतीत सर्वांत हळवा. त्याचा स्वतःचा असा आग्रह नसल्याने शेजाऱ्याचा परिणाम त्याच्यावर चटकन दिसतो. लालाशेजारी तो हिरवट होतो, पिवळ्याशेजारी जांभळट, नारिंगीशेजारी निळसर. म्हणजे आधीच निळसर असलेल्या भिंतीपुढे भडक नारिंगी उशा मांडल्या, तर उशा उठून दिसतील खऱ्या. पण भिंत आणखी निळी, आणखी गार होईल. ऊब आणायला जावे आणि हाती गारठा लागावा, तो असा. तिथे मवाळ विटकरी, तपकिरी, बदामी यांनीच काम होते.

आता उजेडाचे पाहू. उत्तरेकडे खिडकी असलेल्या खोलीत सूर्य जवळजवळ येतच नाही. येतो तो आकाशाचा उजेड, आणि आकाश निळे. निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या येतात त्या दिवसांत अशा खोलीतली करडी भिंत पाहूनच शाल ओढावीशी वाटते. पश्चिमेच्या खोलीचे उलट. दुपारनंतर तिथे उन्हाचा सोनेरी पट्टा भिंतीवर चढतो, आणि उन्हाळ्यात तो नकोसाही होतो. उत्तरेच्या खोलीला उबदार रंग जरा सढळ हाताने द्यावेत, पश्चिमेच्या खोलीला चवीपुरते.

दिवसाचा उजेड आपल्या हातात नसतो, रात्रीचा असतो. एलईडी दिव्याच्या खोक्यावर केल्व्हिनचा आकडा छापलेला असतो. २७०० किंवा ३००० असेल तर उजेड जुन्या बल्बासारखा पिवळसर. ६५०० असेल तर पांढरा, निळसर. आपल्याकडे ट्यूबलाईटच्या सवयीने ६५०० लाच 'चांगला उजेड' म्हणतात. करड्या भिंतीवर हा उजेड पडला की दिवाणखान्याची प्रतीक्षालये होतात. नव्या उशा, नवे पडदे घेण्याआधी एक दिवा बदलून पाहावा. एवढ्या स्वस्तात एवढा फरक दुसऱ्या कशाने पडत नाही. वाचनाच्या खुर्चीशी मात्र उजेड भरपूर हवा. उबदार म्हणजे अंधूक नव्हे.

हे शेवटचे वाक्य मी माझ्या वयाच्या माणसांसाठी लिहिले आहे. वय वाढते तसे डोळ्यातले भिंग पिवळे पडते, बाहुली लहान होते आणि आत पोहोचणारा उजेड कमी होतो. करडी फरशी, करडा सोफा, करडी भिंत हे चित्र मासिकात देखणे दिसते. सत्तरीच्या माणसाला त्यात फरशी कुठे संपली आणि बैठक कुठे सुरू झाली, तेच कळत नाही. सौ.चे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले, तेव्हा पट्टी काढल्यावर तिने पहिला प्रश्न विचारला, "भिंतीला पुन्हा रंग दिलात का?" जुने पिवळे भिंग गेले होते आणि तीच भिंत तिला निळसर दिसत होती.

म्हणून उठाव देणारा रंग नुसत्या शोभेसाठी नसावा. तो जिथे हात आणि पाय जातात तिथे असावा. सोफ्याच्या कडेला विटकरी अभ्र्याची उशी असली, की बसणाऱ्याला कड कळते. पायरीच्या काठावर रंगाची एक पट्टी, घट्ट बसणाऱ्या सतरंजीची गडद किनार, पाण्याच्या तांब्याखाली मोहरी रंगाचा रुमाल, एवढ्याने पडणे-धडपडणे टळू शकते. दिवेलागणीच्या मंद उजेडात मात्र लाल रंग सर्वांत आधी काळवंडतो, हे डोळ्याचे वैशिष्ट्य आहे. पायरीसाठी म्हणूनच लालापेक्षा फिका पिवळा बरा.

प्रमाण किती असावे? सजावटकारांचा एक ठोकताळा आहे: साठ भाग मुख्य रंग, तीस भाग जोडीचा आणि दहा भाग उठावाचा. मला हे प्रमाण पारव्याने शिकवले. करड्याच्या एका छटेला आपण 'पारवा' म्हणतो. तो पक्षी आपल्या गच्चीत जाळ्या लावूनही येतो. त्याचे अंग सगळे करडे. पण डोळा नारिंगी, पाय लालसर आणि मानेवर हिरव्या-जांभळ्याची झाक. एवढ्याशा रंगावर तो देखणा दिसतो. त्याचे सगळे अंग नारिंगी असते तर कुणी दुसऱ्यांदा पाहिले नसते. करडा हे मुद्दल आणि उबदार रंग हे व्याज. व्याज वेळेवर मिळावे, पण मुद्दलाहून मोठे होऊ नये.

आणि हे रंग आणायचे कुठून? मला वाटते, आधी घरातूनच. दुकानातून एकाच दिवशी आणलेल्या सहा जुळणाऱ्या वस्तूंनी खोली हॉटेलसारखी होते. उलट माळ्यावर आईचे तांब्याचे घंगाळ असते. चिंचेने घासून कोपऱ्यात ठेवले की भिंतीवर तांबूस उजेड पडतो. भांडी बाजारातून पूर्वी कधी आणलेला पितळी डबा असतो. आजीच्या लुगड्यांची गोधडी असते. येवल्याच्या पैठणीचा जीर्ण झालेला पदर असतो. नेसता येत नसला तरी चौकटीत, काचेआड आणि उन्हापासून दूर तो आणखी बरीच वर्षे टिकतो. आपल्या जिल्ह्याच्या डोंगराळ भागातही वारली कुटुंबे राहतात. गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने रेखलेली त्यांची कला जिव्या सोमा म्हसे यांनी जगभर नेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. असे एखादे गेरूचे चित्र करड्या भिंतीवर किती सहज बसते, ते एकदा पाहावे.

अशा वस्तूंनी आणखी एक गोष्ट साधते. सून भिंत निवडते, सासू घंगाळ देते, नातू आपल्या हाताने रंगवलेली पणती आणून ठेवतो. खोलीत प्रत्येकाची एक सही होते. संयुक्त खात्यावर व्यवहार दोघांच्या सहीने चालतो. दिवाणखाना तर घरातले सर्वांत मोठे संयुक्त खाते. भिंतीचा रंग कमावत्यांनी ठरवला, याचा राग ज्येष्ठांनी धरू नये. हप्ते ते भरतात. आणि ज्येष्ठांनी मांडलेल्या तांब्यापितळेला 'पसारा' म्हणण्याची घाई तरुणांनी करू नये. दिवस ते काढतात.

दिवाळीपूर्वी पुष्कळ घरांत रंगाची कार्डे उघडली जातील. तेव्हा एक करावे. सुटीच्या नव्हे, कामाच्या दिवशी अर्धी रजा टाकावी आणि दुपारी दोन वाजता आपल्या दिवाणखान्यात जाऊन बसावे. आपल्या नेहमीच्या जागी नको; घरातले वडीलधारे ज्या खुर्चीत दिवस काढतात, तिथे बसावे. दिवा न लावता तासभर समोरच्या भिंतीकडे पाहावे आणि शेजारच्या खुर्चीतल्या माणसाला विचारावे, "इथं तुम्हांला काय बघायला आवडेल?" कुठल्या भिंतीजवळ कुठला रंग हवा, याचे उत्तर कार्डापेक्षा तिथे लवकर मिळेल.