निर्णय कोठे होतो?

परदेशी नोकरीवर रुजू होण्यास निघालेल्या मनुष्यास आप्तेष्टांकडून जो उपदेश मिळतो तो बहुधा शिष्टाचाराचा असतो. जपानला निघालेल्यास तर कमरेत किती वाकावे, नाव-हुद्द्याचे कार्ड दोन्ही हातांनी कसे द्यावे व घ्यावे, बैठकीच्या दालनात दारापासून दूरचे आसन पाहुण्यासाठी कसे मोकळे ठेवावे, याची तालीम पुण्यातील जपानी भाषेच्या वर्गांतच मिळते, आणि ती निरुपयोगी असते असे मुळीच नाही. परंतु टोकियोतील एका कार्यालयात दीर्घकाळ काम केल्यानंतर माझे असे निश्चित मत झाले आहे की, हा बाह्योपचार कोणीही समंजस मनुष्य अल्पावधीत आत्मसात करतो. अवघड भाग त्यापुढचा आहे. त्या कार्यालयात निर्णय कोठे होतो आणि त्याचे उत्तरदायित्व कोणाकडे असते, हे ज्याला उमगले तोच तेथे स्थिरावतो. ज्याला ते उमगले नाही, तो कितीही विनयाने वाकला तरी परकाच राहतो.

आपल्याकडे, चिंचवडच्या कारखान्यात काय किंवा हिंजवडीच्या संगणक-कंपनीत काय, निर्णय सामान्यतः वरून खाली येतो. साहेब बैठक बोलावतात, दोन-चार हुशार माणसे हिरिरीने आपली मते मांडतात, प्रसंगी शब्दाने शब्द वाढतो, आणि अखेरीस ज्याचा हुद्दा मोठा त्याचा शब्द प्रमाण मानून मंडळी कामाला लागतात. या संस्कारात वाढलेला तरुण जेव्हा टोकियोतील पहिल्या बैठकीस बसतो आणि तासभर कोणीही कोणाला विरोध करीत नाही, प्रमुख डोळे मिटल्यासारखे स्तब्ध बसले आहेत आणि शेवटी सर्वांनी मान डोलावून ठराव संमत झाला आहे असे पाहतो, तेव्हा या लोकांना स्वतःचे मतच नाही, अशी त्याची समजूत होणे स्वाभाविक असते.

वस्तुस्थिती याच्या अगदी विरुद्ध आहे. जो विषय बैठकीपुढे आला, त्यावरील सारा वाद बैठकीच्या आधीच, एकेकट्याची गाठ घेऊन, मार्गिकेत, चहाच्या यंत्रापाशी, संध्याकाळच्या भोजनात झडून गेलेला असतो. या पूर्वतयारीला तेथे नेमावाशी म्हणतात. त्यानंतर खात्यातील एखादा कनिष्ठ मनुष्य प्रस्तावाचा मसुदा तयार करतो आणि तो कागद उपप्रमुख, प्रमुख, शेजारची खाती, मग विभागप्रमुख अशा क्रमाने वर चढत जातो. ज्याच्या हाती तो पोहोचतो, तो वाचून, शंका विचारून, हवी ती दुरुस्ती सुचवून आपला शिक्का उठवतो. रिंगी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पद्धतीत अखेरचा शिक्का उमटेपर्यंत कित्येक दिवस, कधी आठवडे लोटतात, आणि नवागताचा धीर सुटतो. परंतु शेवटची मोहोर उमटली की अंमलबजावणीत क्षणाचीही दिरंगाई होत नाही, कारण ज्यांनी काम करावयाचे त्या प्रत्येकाने तो कागद वाचलेला असतो आणि प्रत्येकाची संमती त्यावर नोंदलेली असते. 2020 साली प्रशासकीय सुधारणांचे मंत्री तारो कोनो यांनी सरकारी कामकाजातून हांको, म्हणजे व्यक्तिगत शिक्का, हद्दपार करण्याची मोहीम उघडली आणि अनेक कंपन्यांतही शिक्क्याची जागा संगणकावरील मंजुरीने घेतली. तरीही कागद खालून वर जाण्याचा शिरस्ता पुष्कळ ठिकाणी कायम राहिला.

जबाबदारीची ही वाटणी एकदा ध्यानात आली की इतर अनेक विचित्र वाटणाऱ्या गोष्टींचा उलगडा होतो. पुष्कळ कार्यालयांत मेजे समोरासमोर जोडून मांडलेली असतात आणि प्रमुख त्या रांगेच्या टोकाला सर्वांच्या नजरेच्या टप्प्यात बसतो. कोण कोणत्या कामात गुंतला आहे हे सर्वांना दिसावे, हा त्या मांडणीचा हेतू. वरिष्ठास वेळोवेळी अहवाल देणे, संबंधितांना कळवणे आणि अडचण आल्यास विचारविनिमय करणे ही त्रिसूत्री होरेन्सो या नावाने नवशिक्याला पहिल्या दिवसापासून शिकवली जाते. काम पूर्ण झाल्यावरच तोंड उघडावे अशी आपल्याकडील कर्तबगार माणसाची वृत्ती असते. तेथे मात्र अर्धवट कामाची अर्धवट खबरही वेळेवर दिलेली बरी मानतात, कारण ती दडवणे म्हणजे सर्वांच्या वाट्याची जबाबदारी एकट्याने बळकावणे होय. आगगाडीला पाच-दहा मिनिटांचा उशीर झाला तर रेल्वे कंपनी प्रवाशांना विलंबाचा दाखला देते आणि तो हजेरीच्या कामी सादर करता येतो. दोष कोणाचा, याचा निवाडा तेथे कागदानेच होतो. रजेवर जाणारा मनुष्य आपल्या कामाची टिपणे सहकाऱ्याच्या स्वाधीन करतो आणि परतताना जेथे गेला त्या गावच्या मिठाईची, वेगवेगळ्या वेष्टनांत बांधलेली, पेटी खात्यातील सर्वांसाठी आणतो. आपल्या गैरहजेरीचा भार ज्यांनी उचलला त्यांचे ते ऋण फेडणे असते.

पण या व्यवस्थेची दुसरी बाजू सांगितली नाही तर मी वाचकांशी अप्रामाणिक ठरेन. जबाबदारी सर्वांची असली की प्रथम घरी जाणारा मनुष्य अपराधी ठरतो. निघताना सहकाऱ्यांची क्षमा मागण्याचा तेथील प्रघात मनोज्ञ आहे खरा. परंतु त्या क्षमायाचनेच्या ओझ्याखाली कित्येकजण रात्री उशिरापर्यंत मेजाशी खिळून राहतात, आणि या दडपणाचे अंतिम रूप कारोशी, म्हणजे अतिश्रमाने ओढवलेला मृत्यू, हे आहे. त्यास आळा घालण्यासाठी 2014 साली तेथील संसदेला स्वतंत्र कायदा करावा लागला. एप्रिल 2019 पासून मोठ्या कंपन्यांत आणि पुढील वर्षापासून लहान कंपन्यांतही जादा कामास सामान्यतः महिन्याला 45 तास व वर्षाला 360 तास अशी मर्यादा पडली. ज्यांना वर्षाकाठी दहा किंवा अधिक दिवसांची भरपगारी रजा लागू आहे, त्यांना त्यांपैकी निदान पाच दिवस रजा घ्यावयास लावणे हे मालकाचे कर्तव्य ठरले. हक्काची रजा माणसाने घ्यावी म्हणून कायद्याने सक्ती करावी लागते, यावरून सहकाऱ्यांच्या भिडेचे सामर्थ्य किती असेल याची कल्पना करावी.

म्हणून परकीय कार्यालयाशी जुळवून घेणे म्हणजे त्याच्या सर्व वहिवाटींना शरण जाणे नव्हे, असे मला आग्रहाने सांगावयाचे आहे. त्यांची शिस्त घ्यावी, भिडेला मात्र नम्रपणे नकार द्यावा. ठरलेली रजा वेळेत कळवून, कामाची नीट तजवीज लावून परदेशी मनुष्याने निःसंकोचपणे घेतली तर ती बेपर्वाई ठरत नाही; उलट शेजारच्या मेजावरील तरुणाला आपलीही रजा मागण्याचे धैर्य येते, हे मी प्रत्यक्ष पाहिले आहे. त्याचप्रमाणे प्रश्न विचारण्याची जी सवय आपण बरोबर आणतो ती टाकून देऊ नये. केवळ तिची वेळ बदलावी. बैठकीत सर्वांदेखत विचारलेला प्रश्न प्रस्ताव मांडणाऱ्याची अप्रतिष्ठा करतो. तोच प्रश्न दोन दिवस आधी त्याच्याजवळ बसून विचारला तर तो प्रस्तावाचा भाग होतो आणि विचारणाऱ्याचे नाव कृतज्ञतेने घेतले जाते.

टोकियोच्या पूर्वेकडील एदोगावा विभागातील निशी-कासाई येथे, तोझाई मार्गाच्या गाड्या थेट शहराच्या व्यापारी पेठांत जातात या सोयीमुळे, 2000 सालाच्या सुमारास आलेल्या भारतीय संगणक-तंत्रज्ञांची मोठी वस्ती झाली. त्याच एदोगावाच्या प्रतिनिधिसभेवर 2019 साली पुणे विद्यापीठात शिकलेले योगेंद्र पुराणिक निवडून आले. परदेशात स्थिरावण्याची ही पुढची पायरी मला फार महत्त्वाची वाटते: चाकरीसाठी आलेला मनुष्य तेथील नागरिकांपुढे जाब देण्यास उभा राहिला. प्रत्येकास निवडणूक लढवावयाची नसते. परंतु नव्या कार्यालयात पाऊल टाकणाऱ्या आपल्या प्रत्येक तरुणाने पहिल्या महिन्यात आपल्या कामाचा कागद कोठून निघतो, कोणाकोणाच्या हातून जातो आणि तो चुकला तर कोणाला उत्तर द्यावे लागते, एवढे जरूर शोधावे, आणि मग त्या साखळीत आपले नाव आपण होऊन घालावे. वेतन देणारी संस्था कोणालाही कामावर ठेवू शकते. सहकारी म्हणून स्वीकार मात्र जो जबाबदारी उचलतो त्याचाच होतो, आणि हे टोकियोइतकेच पुण्यालाही लागू आहे.